कयाधूच्या वाघिणींचा घरचा सामना

डोंगरकडा

आमच्या पेणकडची माणसं कबड्डी बघायला परमुलखात जात नाहीत. जायची गरजच पडत नाही. भातकापणी झाली की आमच्याकडे दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या गावात दिवे लागतात, मैदानात लाल माती पडते आणि सगळा तालुका तिथे लोटतो. माहेरच्या संघात मी डावा कोपरा सांभाळायची. लग्न ठरवताना सासऱ्यांनी मला स्वयंपाकाचं काही विचारलं नव्हतं, घोटा कसा धरतेस एवढंच विचारलं होतं. अशा घरातली बाई कबड्डी बघायला हिंगोली जिल्ह्यात निघाली, हे ऐकून शेजारपाजारचे हसले. आमचे हे तर म्हणाले, "समुद्राकाठच्या माणसाने मासे बघायला डोंगरावर जावं, तसं झालं हे." आणि ते आले नाहीत.

मी मात्र गेले, कारण बोलावणं व्याह्यांचं होतं. माझी सून पल्लवी डोंगरकड्याची. तिचे वडील दिगंबरराव हळदीचे शेतकरी. एका सकाळी त्यांचा फोन आला. "इहीनबाई, तुमी लई सांगता ना, कबड्डी तुमच्याकडंच हाय म्हणून? मग आता या. आमच्या वाघिणींचा सामना हिंगोलीत हाय. आन समोर कोण हाय ठावं का? तुमच्या कोकणच्या पोरी!"

महिलांच्या व्यावसायिक कबड्डीची एक साखळी स्पर्धा गेल्या काही हंगामांपासून आपल्या राज्यात चालते. विभागवार संघ आहेत, मुलींना हंगामाचं मानधन मिळतं, सामने मोबाइलवर दिसतात. आमचा संघ 'सागरकन्या'. हिंगोलीकडचा 'कयाधू वाघिणी', हिंगोलीजवळून वाहणाऱ्या नदीचं नाव घेतलेला. पण या वाघिणींचे घरचे सामनेसुद्धा आजवर मोठ्या शहरातच झाले होते. हिंगोलीला बंदिस्त क्रीडागृह नाही, तिकडे प्रेक्षक कुठून येणार, असं आयोजकांचं म्हणणं. तिथल्या लोकांनी दोन हंगाम पाठपुरावा केला, तेव्हा कुठे एक सामना पदरात पडला. तो नीट पार पडला तर पुढे आणखी, नाही तर विषय संपला, असं स्पष्ट सांगून.

नांदेडला गाडीतून उतरले तर दिगंबरराव जीप घेऊन हजर. उंच, सावळा माणूस, डोक्यावर पांढरी टोपी आणि गळ्यात पिवळाधमक रुमाल. जीपच्या पुढच्या काचेवर वाघिणीचं चित्र. मी नमस्कार करून बसले, तर पहिला प्रश्न प्रवासाचा नव्हताच.

"तुमची ती कप्तान, दीपाली. तिचा गुडघा बरा झाला म्हणं?"

"झाला असेल," मी म्हटलं.

"झाला असंल तर आमची पंचाईत हाय," ते म्हणाले, आणि अर्धापूर मागे पडेपर्यंत सागरकन्यांच्या एकेका मुलीचे गुणदोष मला ऐकवत राहिले. मला त्यातल्या निम्म्या पोरींची नावंही माहीत नव्हती.

डोंगरकडा मोठं गाव. फेब्रुवारी सरत आलेला, हळद काढणीचे दिवस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शिजवलेली हळद वाळत पसरलेली. तिचा वास गोडसर, मातकट. पहिल्या तासात डोकं धरतं, मग आवडायला लागतो. संघाचा रंग पिवळा का, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. गावात पाय ठेवला आणि कळलं. सामन्याच्या दिवशी इथे गुलाल उधळत नाहीत. कपाळाला हळद लावतात, पोरी, पोरं, म्हातारे, सगळे. आमच्याकडे एवढी हळद फक्त नवरीला लागते.

माझ्या विहीण कौसल्याबाई दारातच भेटल्या. पायावर पाणी घातलं, आत नेलं, आणि ज्वारीची भाकरी, लसणाचा ठेचा, घट्ट पिठलं आणि वाटीभर तेल असं ताट पुढे ठेवलं. मी दोन भाकरी खाल्ल्या आणि थांबले. त्यांचा चेहरा पडला.

"काहून? तिखट लागलं का?"

"नाही हो, पोट भरलं."

"एवढ्यात? पल्लवी म्हनली होती, सासूबाईला भाताबिगर जेवन झाल्यावानी वाटत न्हाई." आणि त्या उठून भाताचं पातेलं घेऊन आल्या. माझ्यासाठी खास केलेला. मऊ, थोडा गिचका झालेला भात. आमच्या सुनेने आमच्याकडे येऊन मासे साफ करायला शिकताना जे सोसलं असेल, ते त्या भाताकडे बघून मला जरा जास्त समजलं.

संध्याकाळी ओसरीवर गावच्या बाया जमल्या. मला वाटलं, विहीणबाईला बघायला. त्या आल्या होत्या सामन्याची गाणी बसवायला. आमच्याकडे घोषणा देतात त्या पुरुष, आणि त्याही एकाच सुरात. इथे जात्यावर म्हणतात त्या चालीत बाया ओव्या रचत होत्या. एकीने पहिली ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. कौसल्याबाईंची एक मी लिहूनच घेतली:

लेक चालली चढाई, पाय वाजंना भुईला,
एक गेली, तिघी बाद, सांगा तिच्या गं आईला.

ही लेक कोण, असं मी विचारलं, तर सगळ्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "रेणुका!" कौसल्याबाई म्हणाल्या. "आमची रेणुका ठावं न्हाई तुमाला?"

"मग उद्या दावतो," दिगंबरराव आतून म्हणाले. "तिच्या तांड्यावरच जाऊ."

नरसी, आणि पुढे तांडा

सकाळी हिंगोली मागे टाकून आम्ही नरसीला थांबलो. नामदेवांचं जन्मगाव म्हणून माणसांची ये-जा कायम असते. देवळात गार, शांत. बाहेर दुकानांची रांग, बत्तासे, तुळशीच्या माळा, लाकडी खेळणी, आणि त्या माळांच्या शेजारीच खुंटीला टांगलेल्या पिवळ्या टोप्या. दिगंबररावांनी एक टोपी माझ्या हातात ठेवली.

"ही मी घालणार नाही," मी म्हटलं. "मी कोकणची आहे."

"घालू नका. निस्ती पिशवीत ठिवा. ऊन लागलं तर कामाला येईल."

सेनगावकडे जाताना रस्त्यालगत तूर कापलेली रानं, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या, मधेच हिरवा हरभरा. तांडा रस्त्यापासून थोडा आत, चढावर. एके काळी बैलांवर माल लादून मुलुखभर फिरणारी ही बंजारा माणसं, आता आजूबाजूची शेतीच करतात. सोयाबीन, तूर. घरं पक्की झाली आहेत. एका म्हाताऱ्या बाईच्या अंगावर आरशांची कांचळी म्हणजे चोळी, आणि फेटिया म्हणजे घेरदार घागरा होता, बाकी बाया साध्या साड्यांत. रेणुकाची आई शांताबाई त्यातलीच एक, किरकोळ अंगाची, बोलायला मोकळी. रेणुका स्वतः संघाबरोबर हिंगोलीत मुक्कामाला होती.

शांताबाईंनी आधी घर न दाखवता खळं दाखवलं. सोयाबीन मळायची सपाट, शेणाने सारवलेली जागा. त्यावर चुन्याने आखलेलं कबड्डीचं मैदान.

"हितंच शिकली का?" मी विचारलं.

"व्हय. आधी भावांसंगं खेळायची. त्यांना पाडायला लागली तवा त्ये खेळंनात. मग तांड्यातल्या पोरी जमवल्या." मैदानाकडे बघत त्या पुढे म्हणाल्या, "औंदा सोयाबीन दुसरीकडं मळली आमी. सगळ्या तांड्यानं ठरवलं, हे खळं आता पोरींचंच."

त्या शांतपणे बोलल्या, पण मला त्याचं मोल कळत होतं. पिकाची जागा खेळाला सोडणारी वस्ती मी आमच्या कबड्डीच्या मुलखातही पाहिलेली नाही. आमच्याकडे पीक निघालं की शेत खेळाला मिळतं, आणि पेरणी आली की परत घेतलं जातं.

तांड्यावर दहा-बारा पोरी सराव करत होत्या. दिगंबररावांनी त्यांना सांगून टाकलं की या बाई कोकणच्या नामी खेळाडू होत्या. मग काय विचारता! "काकू, पकड दावा ना!" पदर खोचला आणि उतरले. एक चपळ पोरगी चढाईला आली, माझ्या कोपऱ्याकडे पाय टाकला, आणि इतक्या वर्षांनी माझे हात आपसूक तिच्या घोट्यावर बसले. ती सुटली नाही. मीही सुटले नाही. दोघी धाडकन पडलो. पोरींनी टाळ्या पिटल्या, शांताबाई धावत आल्या, आणि मला उठवायला तिघीजणी लागल्या. माकडहाड आठवडाभर दुखलं, पण ते मी तिथे कुणाला कळू दिलं नाही.

निघताना मी शांताबाईंना विचारलं, "लेकीचा सामना समोर बसून कधी पाहिलाय?"

"न्हाई. मोबाइलमंदीच. शहरात काय जानं होतंय? उद्या पाह्यचा." आणि मग जरा हळू आवाजात, "उद्या जिंकलं तरच पुढं जातेत म्हनं. खरं हाय?"

खरं होतं. हा साखळीतला शेवटचा सामना. वाघिणी जिंकल्या तर शेवटच्या चार संघांत जाणार, आणि सागरकन्या घरी. सागरकन्यांना मात्र बरोबरी झाली तरी पुरत होती.

हिंगोली

सामना दुपारी चारचा. आम्ही डोंगरकड्याहून दोन टेम्पो आणि जीप घेऊन निघालो. टेम्पोत हलगीवाले, बाया, ताटं, पळ्या, बसायला ताडपत्र्या. वाटेत प्रत्येक फाट्यावर आणखी पिवळ्या गाड्या येऊन मिळत होत्या. हलगी थांबली की घोषणा:

"कयाधूला पूर आला!"

"समोरचा वाहून गेला!"

मी हसत होते, आणि आतून थोडी बिथरलेही होते. वाहून जाणार त्या आमच्या पोरी होत्या.

हिंगोलीच्या मोठ्या मैदानावर लाकडी फळ्यांचा चौथरा, त्यावर एकमेकांत अडकवलेल्या तुकड्यांची मॅट, वर कापडी मांडव. दोन वाजताच मैदान भरलं होतं. प्रेक्षक कुठून येणार म्हणणाऱ्या आयोजकांची माणसं आता गर्दी मागे सारता सारता घामाघूम झाली होती. एक रीत मला फार आवडली. मॅटच्या जवळच्या रांगांत बसायचं तर चपला बाहेर काढायच्या. कुणी सांगत नव्हतं. येणारा प्रत्येक जण आपणहून काढत होता. शांताबाई तांड्याच्या बायांसह पुढेच बसल्या होत्या. आम्ही त्यांच्या मागे.

दोन्ही संघ अंग मोकळं करायला आले तेव्हा मी रेणुकाला पहिल्यांदा पाहिलं. आईसारखीच किरकोळ. लांब वेणी घट्ट बांधलेली. गर्दीत आईला शोधून तिने फक्त मान हलवली. शांताबाईंनीही फक्त मान हलवली.

आणि मग वारा सुटला.

पश्चिमेकडून काळं आभाळ असं चालून आलं की कुणाला उठायला वेळ मिळाला नाही. आधी धूळ, मग मांडवाचं कापड फाटल्याचा आवाज, मग पाऊस. अवकाळी, आडवा, टपोरा. दिगंबरराव ओरडले, "ताडपत्र्या! मॅटवर टाका!" लोकांनी बुडाखालच्या ताडपत्र्या ओढून मॅटकडे धाव घेतली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. घरून होता. अंगणात वाळत घातलेली हळद भिजत होती, आणि झाकायच्या मोठ्या ताडपत्र्या आम्ही इकडे आणल्या होत्या.

"जमंल तेवढी आत घ्या," ते फोनवर म्हणाले. "बाकीची भिजू द्या." आणि फोन खिशात टाकून पुन्हा ताडपत्रीचं टोक धरून उभे राहिले. आजूबाजूला असे फोन बऱ्याच जणांना येत होते. उठून गेलेलं मला कुणी दिसलं नाही.

पाऊस आला तसा गेला. पण मांडवाची एक बाजू खाली बसली होती आणि मॅट भिजली होती. ताडपत्र्या पोहोचेपर्यंत पाणी तुकड्यांच्या फटींतून खाली शिरलं होतं. काळ्या मातीचा चिखल चौथऱ्याभोवती लोण्यासारखा झाला. पंचांनी हाताने मॅट चाचपली आणि नकाराची मान हलवली. नियम असा, की ठरल्या मुदतीत सामना सुरू झाला नाही तर गुण वाटून द्यायचे. म्हणजे सागरकन्या पुढे, वाघिणी बाहेर. आणि हिंगोलीचं नावही बाहेर.

भोंग्यावरून तसं सांगण्यात आलं. 

शांताबाई उठल्या. चौथऱ्यावर गेल्या, मॅटचा एक तुकडा सोडवून मांडीवर घेतला आणि पदराने पुसायला लागल्या. पुढच्या क्षणी कौसल्याबाई त्यांच्या शेजारी. मग सगळेच उठले. हजारो माणसांना काय करायचं हे कुणी सांगितलं नाही. तुकडे हातोहात खाली आले, उपरण्यांनी, टॉवेलांनी, पिवळ्या रुमालांनी, लेकरांच्या दुपट्यांनी पुसले गेले. निघालेल्या उन्हात लोक ते डोक्यावर धरून उभे राहिले. खालच्या फळ्या पुसल्या. जवळच्या एका गोठ्यातून सोयाबीनचं कोरडं कुटार, मळणीचा भुसा, पोत्यांनी आलं आणि चिखलावर अंथरलं गेलं. मीही एक तुकडा पुसत होते. कशाने, ते नंतर लक्षात आलं. पिशवीतल्या त्या पिवळ्या टोपीने.

पण मॅट कोरडी झाली तरी काम भागणार नव्हतं. मुदत सरत आली होती. थोडा उशीर चालवून घ्यायचा तर दोन्ही संघांनी हो म्हणायला हवं होतं, आणि सागरकन्यांच्या व्यवस्थापकांनी नकार दिला होता. त्यांचंही चूक नव्हतं. ओल्या मॅटवर कुणाचा पाय मुरगळला तर? आणि न खेळताच पुढे जायला मिळत असताना कोण खेळेल?

दिगंबरराव माझ्याजवळ आले. चिखलाने माखलेले. त्यांनी एकदा सागरकन्यांच्या बाकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मला विनंती करणं व्याही म्हणून त्यांना जड जात होतं, हे दिसत होतं.

मी उठले आणि सागरकन्यांच्या बाकाकडे गेले. कप्तान दीपाली बुटाची नाडी बांधून सोडत होती. भक्कम, गोल चेहऱ्याची पोरगी. अलिबागकडची, हे तिच्या बोलण्यावरून मोबाइलवरच ओळखलं होतं.

"गो बाय," मी आमच्या बोलीत म्हटलं, "मी पेनची."

तिने चमकून वर पाहिलं. "काकू? तुमी इकरं कशा?"

"इकरं लेकीसारखी सून दिलीय मला या लोकांनी. मना एक सांग. आपले गावान मैदान भिजला तं आपून काय करतो?"

तिने हातातली नाडी सोडली. मग म्हणाली, "सुकी माती टाकतो. नि खेलतो."

"त्ये बघ, ती काय करतान." मी चौथऱ्याकडे हात केला. एक म्हातारा मॅटचा तुकडा छातीशी धरून कोरडा झाला का ते गालाने बघत होता. "खेल असा मी सांगत नाय. तुजा पाय, तुजा गुडघा. पन हरलीस तं मी तुज्या घरी येऊन सांगेन, पोर खेलून हरली म्हनून."

दीपालीने नाडी पक्की बांधली. मग तिने मैत्रिणींना जवळ बोलावलं. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. व्यवस्थापक हातवारे करत होते. शेवटी तीच पंचांकडे चालत गेली, म्हणाली, "आमी थांबतो," आणि तिथून सरळ चौथऱ्याशी जाऊन तिने एका बाईच्या हातातला तुकडा घेतला आणि पुसायला लागली. तिच्या मागून सगळ्या सागरकन्या. निळ्या बनियनींतल्या त्या पोरी पिवळ्या गर्दीत खाली बसून मॅट पुसताना दिसल्या, आणि मैदानातून जो आवाज उठला तसा मी जन्मात ऐकला नव्हता. घोषणा नव्हती ती. नुसता आवाज. माझ्या डोळ्यांना पाणी आलं ते त्या पोरींच्या अभिमानाने, आणि त्यांच्यासाठी ओरडणाऱ्या त्या परक्या माणसांच्याही.

सामना सुरू झाला. पूर्वार्धात सागरकन्यांनी वाघिणींचा अख्खा संघ बाद करून लोण चढवला. दीपालीचा कोपरा म्हणजे भिंत. रेणुका दोनदा तिच्या हाती सापडली आणि बाहेर बसली. शांताबाईंच्या मागे बसून मी तोंड आवळून धरलं होतं. उत्तरार्धात मात्र वाघिणींनी एकेक गुण खेचत आणला. बाया ताटं वाजवत होत्या, ओव्या म्हणत होत्या. शेवटची मिनिटं आली तेव्हा सागरकन्या एका गुणाने पुढे होत्या, आणि रेणुकाला 'करो या मरो'ची चढाई मिळाली. गुण आणला नाही तर ती बाद.

त्या चढाईला इथे कुणी बसत नाही. सगळं मैदान उभं राहिलं. दिगंबररावांनी श्वास रोखला. चढाई करणाऱ्या पोरीबरोबर श्वास रोखायची त्यांची सवय आहे.

समोर तीनच बचावपटू. रेणुका डावीकडे झुकली, उजवीकडे गेली, पुन्हा डावीकडे. पाय खरंच वाजत नव्हते. तिने बोटं लांबवली आणि त्याच क्षणी दीपालीने तिचा घोटा धरला. मधली मुलगी कमरेला भिडली. अशी पकड मी तिच्या वयात शंभरदा धरली होती, आणि मला काही भान राहिलं नाही. त्या पिवळ्या समुद्रात उभी राहून मी आमच्या बोलीत किंचाळले, "सोडू नको गो! सोडू नको!"

रेणुका पडली. पडताना तिने अंग ताणलं. एक पोरगी घोट्याला, एक कमरेला, आणि ती दोघींना ओढत मध्यरेषेकडे सरकली. एक वीत. आणखी एक. हात लांब केला. पंच गुडघ्यावर बसले, वाकले, आणि त्यांनी दोन बोटं वर केली.

दोन गुण. वाघिणी एका गुणाने पुढे. सागरकन्यांची शेवटची चढाई रिकामी परतली आणि वेळ संपली.

पुढचं मला नीट आठवत नाही. हळद उडत होती, हलगी वाजत होती, कौसल्याबाई मला मिठी मारून रडत होत्या. दिगंबररावांनी रोखलेला श्वास सोडला आणि म्हणाले, "इहीनबाई, तुमी आमच्यात बसून त्यांना वरडल्या. आमी ऐकलं."

"मग?"

"बराबर केलं. माहेर ते माहेर."

शांताबाई लेकीकडे धावल्या नाहीत. गर्दीने रेणुकाला खांद्यावर घेतलं होतं, ती खाली उतरेपर्यंत त्या थांबल्या. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाल्या, "त्या तुमच्या पोरीनं धरलं होतं बगा चांगलं. माझी कशी सुटली, तिलाच ठावं."

मी दीपालीकडे गेले. ती मॅटच्या कडेला एकटी बसली होती. मी तिच्या शेजारी बसले. मीच तिला यात घातलं होतं.

"बाय, मनात राग धरू नको," मी म्हटलं.

तिने नाक पुसलं. "राग कसला, काकू. वाटून घेतलेले गुन घेऊन पुढं गेली असती, तं घरी बापासमोर बसून जेवाला आला नसता." आणि लगेच, "पन पकड बरोबर होती ना?"

"अगदी बरोबर होती."

तेवढ्यात रेणुका आली. हळदीने चेहरा ओळखू येत नव्हता. तिने दीपालीचा हात धरून तिला उठवलं. "घोटा सुजला ना माझा," ती म्हणाली. "काय हात हायेत गं तुझे!" आणि दोघी हसल्या.

घरी परतलो तेव्हा अंगणातली बरीच हळद आत ओढलेली होती, पण भिंतीकडची भिजून काळवंडली होती. दिगंबररावांनी एक हळकुंड मोडून बघितलं, वास घेतला, आणि ते बाजूला ठेवून चहा मागितला. 

पुन्हा डोंगरकडा

दुसऱ्या दिवशी सकाळी सागरकन्यांची बस नांदेडकडे जाणार होती. वाट डोंगरकड्यावरूनच. फाट्यावर दिगंबरराव आणि अर्धं गाव रस्त्यात उभं राहिलं आणि बस अडवली. आत पोरी घाबरल्या असाव्यात, कारण खिडक्या पटापट बंद झाल्या. मी पुढे होऊन हात हलवला तेव्हा दीपालीने दार उघडलं.

"काय झाला, काकू?"

"काही नाही. उतरा सगळ्या. उपाशी चालल्यात असं या लोकांना कळलंय."

झाडाखाली पंगत मांडली होती. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, आणि आमच्या पोरी कोकणच्या म्हणून एक मोठं पातेलं भात. सकाळच्या प्रहरी भात बघून त्या गोंधळल्या, पण खाल्ला. धपाट्यांवर मात्र तुटून पडल्या. बाया वाढत होत्या आणि प्रत्येकीला म्हणत होत्या, "घ्या ना बाई, तुमी काहीच खाऊन न्हाई राहिल्या."

निघायची वेळ झाली तेव्हा कौसल्याबाई तबक घेऊन आल्या. नारळ, तांदूळ, खण. लेक माहेराहून निघते तेव्हा ओटी भरतात, तशी.

"पन आमी कुठं इथल्या लेकी?" दीपाली मला हळूच म्हणाली. "आनि काकू, पदर नाय."

खरंच नव्हता. सगळ्या निळ्या बनियनींत, खेळाच्या पॅन्टीत. कौसल्याबाईंनी तिच्या बनियनीकडे बोट केलं. "पदर कशाला पायजे? हे धर."

दीपालीने बनियनीची खालची कड दोन्ही हातांनी पुढे धरली. काल घोटा धरलेले तेच दणकट हात, आता नारळ पडू नये म्हणून जपून धरलेले. कपाळाला कुंकू लागलं. कौसल्याबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. मग पुढची पोरगी आली, मग पुढची. रांगेने.

बस सुरू झाली तशा खिडक्या पुन्हा उघडल्या. कौसल्याबाई बसबरोबर चार पावलं चालत गेल्या आणि वर बघून म्हणाल्या, "पोरी, पुढच्या हंगामाला बी आमच्या हिंगोलीतच सामना हाय, आज सकाळीच कळलं. येशील का?"

दीपालीने अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं, कडेवरच्या लेकरासारखा नारळ एका हाताने आवळून धरलेला.

"येनार तं!" ती ओरडली. "पन मावशी, तवा तुमच्या रेणुकाला सोडनार नाय मी!"

"सोडू नको!" कौसल्याबाई ओरडल्या. "आदी धरून तर दाखव!"